बंद तंबूतली ऊब

डिसेंबर लागला की शनिवारी संध्याकाळी वाघबीळहून पन्हाळ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीची मित्रमंडळी जीपच्या टपावर तंबू, मागच्या बाजूला कोळशाचे पोते आणि मटणाचा डबा घेऊन गडाच्या किंवा मसाई पठाराच्या अंगाने मुक्कामाला निघतात. डांबर सोडून गाडी दगडमातीत घालायची, धुक्यात चूल पेटवायची, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा आणि तंबूत झोपायचे. या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. आठवडाभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला ही एक रात्र हवीच असते.

निघताना घरचे बजावतात ते बिबट्याचे, कड्याचे, धुक्यातल्या वळणांचे आणि सापाचे. ती काळजी रास्त आहे. पण थंडीतल्या मुक्कामाचा सर्वांत कावेबाज धोका या यादीत क्वचितच असतो. तो मध्यरात्री मित्रच तंबूत आणतात. स्वयंपाक झाल्यावर उरलेले लालबुंद निखारे शेगडीत किंवा घमेल्यात भरून आत ठेवले जातात, चेन वरपर्यंत ओढली जाते आणि चौघे-पाचजण त्या उबेत निर्धास्त झोपी जातात. ‘आता धूर येत नाही, ठेवायला हरकत नाही,’ हे वाक्य त्याआधी कोणीतरी म्हणालेलेच असते.

हे वाक्यच घातक आहे. धूर नसणे म्हणजे धोका नसणे, ही समजूत आपल्या चुलीच्या अनुभवातून आली. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, खोकला काढतो, माणसाला बाहेर पळवतो. एका अर्थाने तो राखणदारच. निखाऱ्याची गोष्ट उलटी असते. फुललेल्या कोळशाच्या तळाशी ऑक्सिजन मिळतो तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच वायू वरच्या तप्त कोळशातून जाताना आणखी एक कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. निखाऱ्यांवर नाचणारी फिकट निळी ज्योत दिसते, ती याच वायूच्या जळण्याची. निखारे मंदावले, वर राख चढली, ज्योत विझली की हा वायू न जळता तसाच हवेत मिसळतो. म्हणजे शेगडी जेव्हा शांत आणि सोज्वळ दिसू लागते, नेमक्या त्याच वेळी तिचे विष मोकळे सुटते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती तेव्हा आपल्याकडे मोटारी कोळशाच्या वायूवर धावत. तो वायू मुख्यत्वे याच्याच जिवावर इंजिन फिरवी. मोटार ओढण्याइतका वायू देणारा कोळसा आपण उशाशी ठेवून झोपतो आहोत, एवढे तरी ध्यानात असावे.

शरीरात हा वायू काय करतो, याचा हिशेब शाळकरी गणिताने समजतो. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवण्याचे काम रक्तातले हिमोग्लोबिन करते. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी जवळीक ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. त्याला २१० ने भागले की उत्तर येते ०.१ टक्का. म्हणजे हजार लिटर हवेत एक लिटर कार्बन मोनॉक्साइड मिसळला, तर काही तासांत तो हिमोग्लोबिनच्या निम्म्याअधिक जागा बळकावू शकतो. चौघांच्या तंबूत साधारण पाच हजार लिटर हवा मावते, म्हणजे पाच लिटर वायू पुरे. एक किलो कोळसा जळताना याच्या कितीतरी पट वायू देतो. शिवाय ज्या जागांवर अजून ऑक्सिजन आहे, तोही हिमोग्लोबिन घट्ट धरून ठेवते, पेशींना सोडत नाही. मेंदू आणि हृदय यांना सर्वांत जास्त ऑक्सिजन लागतो आणि तेच आधी उपाशी राहतात.

मग झोपलेला माणूस घुसमटून जागा का होत नाही? घुसमट ही ऑक्सिजन कमी पडल्याची जाणीव असते, असे बहुतेकांना वाटते. ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याची जाणीव असते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत श्वास चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे गुदमरल्याची घंटा वाजत नाही. जागा असणाऱ्याचे डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात, विचार गोंधळतो. चेन उघडायला हवी हे कळते, पण हात उचलत नाही. झोपलेल्याला यातले काहीच कळत नाही.

पन्हाळ्याच्या थंडीत यात आणखी भर पडते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण सव्वातीन हजार फूट. हिवाळ्यात इथे पहाटे चांगलीच हुडहुडी भरते, दव मुबलक पडते. आजचे तंबू लेप दिलेल्या कृत्रिम कापडाचे असतात. त्यातून पाणी आत येत नाही, तशी हवाही फारशी जात नाही. वरून दवाने कापड चिंब झाले की उरलीसुरली छिद्रेही बुजतात. वारा लागू नये म्हणून तंबू खोलगट जागी, एकमेकांना चिकटून लावलेले, जाळीच्या खिडक्या पडद्याने बंद. ‘थोडी फट ठेवली की चालते’ हा सल्लाही फसवा आहे. फटीतून थंडी येते म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच कोणीतरी ती बंद करतो, आणि नाही केली तरी बोटभर फट कोळशाच्या शेगडीला पुरत नाही. गॅसच्या छोट्या शेगडीवर तंबूत पाणी उकळणारेही याच वाटेने जातात.

या सगळ्यात मद्याचा वाटा वेगळा सांगायला हवा. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा गरम वाटतो. ही ऊब बाहेरून आलेली नसते. शरीराच्या गाभ्यातली उष्णता कातडीपर्यंत येऊन हवेत निघून जात असते, आणि थंडीने कापरे भरून शरीर जी उष्णता तयार करते, ती क्रियाही मंदावते. वर गाढ झोप. याहून मोठा घोटाळा सकाळी होतो. सकाळी चौघांचीही डोकी ठणकत असतात, दोघांना उलटी होते आणि सगळे हसून ‘काल जास्त झाली’ म्हणतात. न पिणाऱ्याचेही डोके का दुखते आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एकाच तंबूतल्या सर्वांचे, पिणाऱ्यांचे आणि न पिणाऱ्यांचे, एकाच वेळी डोके दुखत असेल आणि मोकळ्या हवेत तासाभराने बरे वाटत असेल, तर आदल्या रात्री ते थोडक्यात बचावले असण्याची शक्यता मोठी आहे. पुढच्या शनिवारी तीच शेगडी पुन्हा त्याच तंबूत जाते.

करोनाकाळात घराघरांत आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे उपयोगी पडत नाही. उलट ते दिशाभूल करते. हे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते आणि ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन व कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांत त्याला फरक करता येत नाही. एक चतुर्थांश हिमोग्लोबिन निकामी झालेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकते. निदान होते ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीने, आणि त्याआधी डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नाने : ‘रात्री खोलीत किंवा तंबूत काय पेटवले होते?’

तंबूनंतर गाडी. खडकाळ वाटेने जीप चालवणाऱ्यांना सस्पेन्शन, टायरमधली हवा, चार चाकांची ताकद यांची बारीक माहिती असते. सायलेन्सरकडे मात्र दुर्लक्ष होते. जांभ्याच्या धोंड्यावरून गाडी उतरताना पोटाला दणका बसतो, नळीचा सांधा सैल होतो, कुठे तडा जातो. आवाज थोडा वाढतो, आणि तो तर काहींना आवडतोच! पण आता धूर मागून न निघता थेट बैठकीच्या खाली निघतो. हौसेने नव्याने सजवलेल्या कित्येक जुन्या जीपमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मुळातच नसतो. ज्या नव्या गाड्यांत असतो, तिथेही तो तापल्याशिवाय काम करत नाही. मागचा कॅनव्हास उघडा ठेवून चालवले तर गाडीमागे निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे धूर आत ओढला जातो. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या तुलनेत कमी असतो, नसतोच असे नाही. चालत्या गाडीत हवा खेळती असल्याने सहसा निभावून जाते. गाडी उभी करून, काचा चढवून, हीटर लावून, इंजिन चालू ठेवून झोपणे ही खरी जोखीम.

पन्हाळ्याची थंडी या बाबतीत उदार आहे. इथे कडाका वाढला तर माणूस उठून गावात जाऊ शकतो, अर्ध्यापाऊण तासात कोल्हापुरात पोचू शकतो. ही उदारताच चुकीच्या सवयी पाठीशी घालते, आणि त्या सवयी घेऊन हीच मंडळी पुढच्या सुट्टीत मनाली गाठतात. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगपलीकडचा लाहौल हिवाळ्यातही गाडीच्या टप्प्यात आला. महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या गाड्या तिथे आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान बर्फवृष्टीत शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली. अशा वेळी गाडीत बसून राहणे बहुतेकदा शहाणपणाचेच ठरते. पण मागच्या नळीभोवती बर्फ साचला की धुराला जायला वाट उरत नाही आणि तो गाडीच्या तळाशी साठून आत झिरपतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेले किमान २२ जण दगावले. कित्येकांचे मृतदेह त्यांच्या गाड्यांमध्ये मिळाले, आणि थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडकडे बोट दाखवले गेले. त्याआधी दोन वर्षे, जानेवारी २०२० मध्ये, नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. खोलीत गॅसचा हीटर होता, दारे-खिडक्या बंद होत्या.

उंचीचा हिशेब इथे स्वतंत्रपणे येतो. दहा हजार फुटांवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के असतो. शेगडीलाही तो कमीच मिळतो, म्हणून ती अधिक विषारी जळते. माणसाची गंगाजळी आधीच कमी, त्यात हा वाटेकरी. आणि डोकेदुखी, मळमळ, थकवा ही विरळ हवेच्या त्रासाचीही लक्षणे असल्याने ‘उंचीमुळे होतंय, झोपलास की बरं वाटेल’ असे सांगून आजाऱ्याला पुन्हा त्याच खोलीत झोपवले जाते.

अनुभवी माणसे यातून सुटतात असेही नाही. अमेरिकेचा ध्रुवप्रदेश संशोधक रिचर्ड बर्ड १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर एकटाच एका बर्फाखालच्या झोपडीत हवामानाच्या नोंदी घेत राहिला. स्टोव्हच्या गळक्या धुराड्यातून आणि रेडिओसाठी लावलेल्या जनित्रातून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने तो कित्येक आठवडे खंगत गेला. आपल्याला काय होते आहे हे त्याला कळत होते. पण स्टोव्ह विझवला तर थंडीने मरण, पेटवला तर वायूने, अशा पेचात तो होता. सुटकेसाठी सहकाऱ्यांनी अंधारात जीव धोक्यात घालू नये म्हणून तो रेडिओवर काही बोलला नाही. त्याचे संदेश विस्कळीत येऊ लागले, तेव्हा तळावरच्या लोकांना संशय आला आणि ऑगस्टमध्ये ते त्याच्यापर्यंत पोचले. बर्डसमोर दुसरा पर्याय नव्हता. पन्हाळ्यावर तंबू ठोकणाऱ्याकडे मात्र असतो.

पर्यायासाठी फार दूर जायला नको. पठाराच्या आसपासच्या धनगरवाड्यांतला मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर झोपत आला आहे. त्याची शेकोटी बाहेर, मोकळ्या हवेत. अंगाखाली वाळका पालापाचोळा किंवा पेंढा, वर घोंगडी. यामागचे विज्ञान पक्के आहे. रात्री उघड्यावर झोपणाऱ्याची बरीच उष्णता थंड, ओलसर जमीन शोषून घेते आणि जांभ्याचा कातळ तर रात्रभर ती पीत राहतो. म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करायला हवा. दोन पांघरुणे असतील तर एक खाली घालावे. निजलेल्या माणसाचे शरीर साधारण सत्तर-ऐंशी वॉटची उष्णता सतत बाहेर टाकते. ती अडवून धरणे एवढेच काम अंथरुण-पांघरुणाला करायचे असते, नवी आग लागत नाही. लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, सुती कपडा ओला झाला की उलट उष्णता खेचतो. त्यामुळे घामट किंवा दवाने भिजलेला टी-शर्ट बदलून झोपावे, डोके आणि पाय झाकावेत, पोटभर जेवावे. गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर शेगडीपेक्षा सुखाची झोप लागते. कोणी असंबद्ध बोलू लागला, चालताना अडखळू लागला, कापत असताना अचानक कापायचा थांबला, तर शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेल्याची ती खूण असू शकते. त्यासाठी बर्फच लागतो असे नाही. ओले कपडे आणि पठारावरचा वारा पुरतो.

पठाराचा उल्लेख आला, तर एक गोष्ट जाता जाता. मसाई पठाराचा ५.३४ चौरस किलोमीटरचा भाग २०२२ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. हिवाळ्यात ते वाळलेल्या गवताचे ओसाड मैदान दिसते, म्हणून गाडी गरगर फिरवायला मोकळे रान वाटते. पण जांभ्यावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत पावसाळ्यातल्या फुलांचे बी आणि कंद त्याच वेळी निजलेले असतात. चाकाखाली दबलेली ती माती पुढच्या पावसात पाणी मुरू देत नाही. जीपची हौस भागवायला रानवाटा आणि खासगी माळ पुष्कळ आहेत, पठाराला त्यातून वगळावे.

विषबाधेचा संशय आला तर पहिले काम एकच : सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणणे. आत जाणाऱ्याने आधी तंबू दोन्ही बाजूंनी उघडावा किंवा सरळ कापावा. तंबूच्या किमतीचा विचार करण्याची ती वेळ नव्हे. शेगडी उचलत बसू नये. बेशुद्ध माणसाचा श्वास थांबला असेल तर छातीदाब सुरू करावा आणि १०८ ला फोन करताना ‘कोळशाच्या वायूची बाधा’ असे स्पष्ट सांगावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. ज्याला बरे वाटू लागले त्यानेही तपासणी टाळू नये, कारण विसराळूपणा, चिडचिड, तोल जाणे अशी मेंदूची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी डोके वर काढतात. गर्भवतीच्या बाबतीत तर अजिबात थांबू नये. आईपेक्षा पोटातल्या बाळाचे रक्त हा वायू अधिक काळ धरून ठेवते.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. तो केवळ हौशी मंडळींवर ढकलून चालणार नाही. पन्हाळ्याच्या परिसरात तंबू भाड्याने देणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि पैसे घेऊन मुक्काम देणारा माणूस हॉटेलमालकाइतकाच बांधील असतो. ‘तंबूत आग नेऊ नये’ एवढी एक ओळ पावतीवर छापून भागत नाही. रात्री अकरा वाजता माणसाने फिरून शेगड्या गोळा कराव्यात, निखाऱ्यांवर पाणी ओतावे, भाड्यातच जाड अंथरूण आणि दोन घोंगड्या द्याव्यात. पाहुणा थंडीने कुडकुडत असेल तर तो शेगडी आत नेणारच, मनाई कितीही ठळक छापली तरी. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी, बॅटरीवर चालणारी हातात मावणारी यंत्रे बाजारात मिळतात. प्रत्येक तंबूत आणि मुक्कामाच्या प्रत्येक जीपमध्ये एक असावे, आणि तंबूंना परवानगी देताना नगरपरिषद, ग्रामपंचायत, वन खाते यांपैकी ज्याच्या हद्दीत तंबू असेल त्याने ते आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. जीप दुरुस्त करणाऱ्या गॅरेजनेही हंगामाआधी सायलेन्सरचे सांधे तपासायचे काम यादीत घालावे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

३१ डिसेंबर जवळ येतो तसा गडावरचा बंदोबस्त ठरतो, नाक्यांवर तपासणी लागते. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात. नाक्यावर गाडी थांबवणाऱ्याने मागच्या पोत्याकडे बोट दाखवून शेगडीबद्दल विचारावे. आणि त्या रात्री तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर व तोंडावर घट्ट बसणारे मास्क एकाच वेळी चार-पाच जणांना पुरतील एवढे हाताशी असावेत. एकाच तंबूतले रुग्ण एकेकटे येत नाहीत.